वाचायचं का बघायचं? : कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातल्या मोफत चित्रपट-खेळांचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातलं एक महाविद्यालय. शहरातली मुलं आहेतच, पण करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल या तालुक्यांतून एसटीच्या पासावर येणारीही बरीच. तिथल्या चित्रपट मंडळाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी मराठी शिकवत होते. ठरवलं होतं ते एवढंच: महिन्याला जगातला एक चांगला चित्रपट दाखवायचा, अधूनमधून आपल्याकडच्या स्वतंत्र दिग्दर्शकांचेही दाखवायचे आणि फाटक गावासाठी उघडं ठेवायचं. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सर्वांसाठी खुले. प्रवेश विनामूल्य.’

गाव आलं नाही. ते का आलं नाही आणि पुढे थोडंफार कशामुळे आलं, त्याची ही नोंद आहे. अशाच तयारीत असलेल्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाला तिचा उपयोग व्हावा म्हणून आमच्या चुकाही जशा झाल्या तशा लिहिते.

हे मनाला लागलं, कारण सिनेमा कोल्हापूरला परका नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला तो याच गावात. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा. त्यात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी आहे आणि त्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांतारामांनी. प्रभात कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. ज्या गावानं देशाला सिनेमा करून दाखवला, त्या गावात फुकट खेळाला खुर्च्या रिकाम्या राहाव्यात, हे मला पटत नव्हतं.

जुलैतला शनिवार

पहिला खेळ शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवला. चित्रपट होता व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. भाषा इटालियन, खाली इंग्रजी सबटायटल. युद्धानंतरचं रोम. भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण ठेवून ती सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. ही गोष्ट कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावी लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

सभागृहात द्वितीय वर्षाची मुलं होती, कारण हजेरी धरली जाईल असं आम्हीच जाहीर केलं होतं. बाहेरून आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोन निवृत्त शिक्षक, एका बंद पडलेल्या थिएटरात आयुष्यभर ऑपरेटर म्हणून काम केलेले एक मामा आणि आमच्या एका विद्यार्थिनीची आई. पंधरा मिनिटांत पाऊस सुरू झाला. सभागृहाला पत्रा आहे. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की स्पीकरचं काही चालत नाही. पुढचा अर्धा तास चित्रपट जवळजवळ मूकपट झाला.

विद्यार्थिनीची आई मध्येच उठली. मला वाटलं पावसामुळे, घर लांब म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, खरं सांगू का? वाचायचं का बघायचं, तेच कळंना. खालचं इंग्रजी जुळवस्तोवर वरचं माणूस निघून गेल्यालं असायचं. पोरगी कानात सांगत होती, पण मागची बाई गप्प बसा म्हणाली.”

सातवीपर्यंत शिकलेली बाई. मराठी वर्तमानपत्र रोज वाचते. तिला मी चादरी गहाण ठेवण्याची गोष्ट दाखवायला बोलावलं आणि मध्ये इंग्रजीची भिंत उभी केली, हे माझ्या डोक्यात त्या फोनपर्यंत आलंही नव्हतं.

चुकीचं निदान

पण तेव्हा मी त्या वाक्यापाशी थांबले नाही. बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं, प्रसिद्धी कमी पडली. मग पुढच्या दोन खेळांसाठी फलक वाढवले, बिंदू चौकापासून राजारामपुरीपर्यंत मुलं पत्रकं वाटून आली, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरले. थोडी नवी माणसं आली, पण ती शहरातली, इंग्रजी येणारी आणि महोत्सवांना जाणारी. ती यावीत, त्यांच्यासाठीही हे आहेच. मात्र ज्यांच्यासाठी फाटक उघडलं होतं त्यांच्यातलं कुणी आलं नाही. त्यातून फाटकावरचे मामा सवयीनं प्रत्येकाला ओळखपत्र विचारत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोघी बायका फाटकातूनच परत गेल्याचं आम्हाला महिन्यानं कळलं.

तिसरा खेळ एका स्वतंत्र भारतीय दिग्दर्शकाच्या चित्रपटाचा होता. तो आम्ही एका सहकाऱ्याच्या घरच्या ओटीटी खात्यावरून लावला. पैसे घेत नाही, शिकवण्यासाठी दाखवतोय, यात गैर काय, असं वाटत होतं. खेळानंतर वकिली करणारा आमचाच एक माजी विद्यार्थी थांबला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, फलकावर ‘सर्वांसाठी’ लिहिलंय, तिथं अडचण आहे.”

त्यानं जे समजावलं ते अशा प्रत्येक मंडळाला माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक ठरावीक मर्यादेत असले, तर हक्कभंग होत नाही. मर्यादा कोणती? संस्थेतले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील व पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती. रस्त्यावरून जाणारा कुणीही यात बसत नाही, मग तिकीट असो वा नसो. फुकट असणं ही सवलतीची अट नाही आणि सबबही नाही. ओटीटीचं घरगुती खातं तर त्यांच्याच अटींनुसार घरगुती वापरापुरतं असतं. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, त्यामुळे १९४८ सालच्या चित्रपटाची मुदत आपल्याकडे संपली आहे. पण त्यानं सगळंच मोकळं होत नाही. पटकथेचे हक्क वेगळे असू शकतात आणि नव्यानं दुरुस्त केलेली प्रत ज्यांच्याकडून घ्यायची त्यांच्या अटी असतात. शिवाय १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे. जाहीर खेळासाठी चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर केंद्र सरकारकडून सूट घ्यावी लागते, महोत्सव तशी घेतात.

आम्ही दोन महिने खेळ थांबवले. त्या दिग्दर्शकाला पत्र लिहून झालेली चूक कळवली. ते पत्र लिहिणं सोपं नव्हतं, पण न लिहिता पुढं जाणं मला शक्य नव्हतं.

या दोन महिन्यांत कायद्याची ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आणि एका शब्दावर अडले. पालक. म्हणजे ज्यांना आणायचं म्हणून मी गावभर फलक लावत होते, ती मध्येच उठून गेलेली आई, उद्यमनगरात फाउंड्रीत काम करणारे वडील, भोगावतीच्या काठावर ऊस आणि दोन म्हशी सांभाळणारं घर, ही माणसं त्या यादीत आधीपासूनच होती. कायद्यानं त्यांना दार उघडून दिलं होतं. बोलावणं मात्र आम्ही भिंतीवर चिकटवलं. ते मुलांच्या हाती घरी जायला हवं होतं.

धारेची वेळ

मग आम्ही आधी विचारलं. मंडळातल्या मुलांनी आपापल्या घरी आणि शेजारी तीनच प्रश्न विचारून यायचं होतं: कधी येता येईल, काय अडतं, कुणाबरोबर याल. उत्तरं वहीत मराठीत, बोललेल्या शब्दांत लिहून आणायची.

सगळ्यात जास्त आलेलं उत्तर मी कोल्हापूरची असूनही ओळखलं नव्हतं. “सांजच्याला धार असती.” ज्या घरात म्हैस आहे, तिथं पहाटे आणि संध्याकाळी धार काढून दूध डेअरीला घालावं लागतं. ती वेळ टळत नाही. चित्रपट कितीही चांगला असला तरी म्हैस थांबत नाही. शनिवारी संध्याकाळी सहा ही मी शहरातल्या नोकरदाराची सोयीची वेळ धरली होती. शिवाय खेळ, चर्चा, चहा होईपर्यंत आठ वाजले, की गावाकडची शेवटची एसटी गाठायची धावपळ.

वेळ बदलली. रविवारी सकाळी साडेदहा ते एक. सकाळचं दूध घालून, भाकरी करून निघता येतं आणि संध्याकाळच्या धारेला घरी पोचता येतं. पावसाळ्याचे महिने पत्र्याखाली खेळ ठेवायचा नाही, हेही ठरलं. हजेरीची सक्ती काढून टाकली. यावर विभागात वाद झाला, पण सक्तीनं बसलेली पन्नास मुलं मोबाईल बघत असतील तर त्यांच्या मागे बसलेल्या पाहुण्याला चित्रपट दिसत नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिलं होतं.

चादरीवरची अक्षरं

खरं काम सबटायटलचं होतं. त्यावर पाच विद्यार्थ्यांनी दिवाळीची सुट्टी घातली. प्रत ज्यांच्याकडून घेतली त्यांना मराठी ओळी घालण्याबद्दल आधी विचारलं. भाषांतर हाही हक्काचाच भाग असतो, तो परवानगीच्या पत्रात वेगळा मागावा लागतो.

सबटायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ओळीचा क्रमांक, कधी दिसायची आणि कधी जायची ती वेळ, खाली वाक्य. तांत्रिक अडचणी आल्या त्या अशा. एका मुलानं टंकलेखनाच्या जुन्या फाँटमध्ये शंभरेक ओळी टाइप केल्या. पडद्यावर सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसली. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या. मग ओळी हळूहळू संवादांच्या पुढं पळायला लागल्या. सुरुवातीला बरोबर, अर्ध्या तासानं मिनिटाहून जास्त फरक. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा (फ्रेमचा), पण आमच्या ओळींच्या वेळा पंचवीस चौकटींनी चालणाऱ्या प्रतीवरून घेतलेल्या. हे ज्यांना माहीत नसतं ते एकेक ओळ हातानं सरकवत बसतात. आम्हीही दोन रात्री तेच केलं. सगळ्या वेळा एकाच प्रमाणात ताणायची सोय सबटायटलच्या अनेक मोफत प्रोग्रॅममध्ये असते.

भाषेचं काम त्याहून अवघड आणि कितीतरी सुंदर. पहिल्या मसुद्यात चादरी ‘तारण दुकानात’ गेल्या होत्या. शब्दकोशात तसं असेल, पण आपल्याकडे कुणी ‘तारण दुकानात’ जात नाही, वस्तू ‘गहाण टाकतात’ आणि ‘सोडवून आणतात’. ही दोन क्रियापदं मिळाली आणि तो प्रसंग आपसूक मराठी झाला. बापलेक आशेनं ज्या बाईकडे जातात तिला एकानं ‘ज्योतिषी’ लिहिलं होतं. ती पत्रिका बघत नाही, पंचांग उघडत नाही. येणाऱ्याला सांगते आणि लोक रांगेनं बसलेले असतात. राधानगरीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, ही देवऋषीण हाय.” लगेच सगळ्यांना ती बाई दिसली.

शीर्षकानं तर माझाच वर्ग घेतला. मूळ इटालियन नावात चोर अनेकवचनी आहेत. अमेरिकेत तो एकवचनी नावानं लागला आणि शेवटाकडे जे घडतं त्याचा अर्थच त्यामुळे पातळ झाला, असं मला वाटतं. सायकल चोरीला गेलेला बापच शेवटी हताश होऊन दुसऱ्याची सायकल उचलतो. मराठीत ‘सायकलचोर’ म्हटलं की एक का अनेक ते शब्दावरून कळतच नाही. चित्रपट संपल्यावरच कळतं. भाषेनं दिलेली ही भेट आम्ही बदलली नाही.

ओळ किती लांब असावी? व्यावसायिक सबटायटलकारांचे अक्षरांचे हिशेब असतात, पण ते देवनागरीच्या जोडाक्षरांना नीट लागू पडेनात. मुलांनी स्वतःचीच कसोटी काढली. ओळ घरी आईला मोठ्यानं वाचायला द्यायची. ती दिसते तेवढ्या वेळात वाचून झाली तर ठेवायची, नाही तर तोडायची. जुलैत उठून गेलेल्या त्या आईच्या स्वयंपाकघरात अशी जवळजवळ अर्धी फाइल तपासली गेली. ‘त्यांनी मला नोकरीवर रुजू होण्यास सांगितले आहे’ या ओळीवर ती थांबली. “कामाला ये म्हनलं, एवढंच हाय न्हवं?” म्हणाली. ओळ झाली, ‘कामाला ये म्हणालेत.’

शेवटच्या प्रसंगात गर्दी बापाला धरते आणि छोटा ब्रूनो रडत हाका मारतो. तिथं मुलांनी ‘बाबा! बाबा!’ लिहिलं होतं. एका रात्रीच्या चर्चेनंतर त्यांनीच ते काढून टाकलं. तिथं पोराचा चेहरा बघायचा आणि खाली काही वाचायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. या निर्णयाचा मला मनापासून अभिमान आहे.

चाचणीच्या दिवशी ऑपरेटर मामा आले. त्यांनी दोन गोष्टी अशा पकडल्या की आम्ही थक्क झालो. पहिली, सभागृह सपाट आहे, त्यामुळे खालच्या ओळी पुढच्या रांगेतल्या डोक्यांआड जातात. “पडदा वर घ्या. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरनं खालची कडा दिसली पाहिजे.” टेबलं लावून पडदा दोन फूट वर घेतला. दुसरी गोष्ट चादरींच्या प्रसंगातली. पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यांवर आमची पांढरी अक्षरं दिसेनाशी होत होती. नेमक्या ‘गहाण’ या शब्दाच्या वेळी! अक्षरं फिकट पिवळी केली, भोवती जाड काळी कडा दिली. मामा शेवटच्या रांगेत जाऊन बसले, चष्मा काढून वाचून बघितलं आणि मगच घरी गेले.

तोच चित्रपट, दुसऱ्यांदा

हिवाळ्यातल्या एका रविवारी तोच चित्रपट पुन्हा लावला. सभागृह तेच, पडदा तोच. निमंत्रण म्हणून एकेका मुलानं घरी स्वतःच्या हातानं चिठ्ठी नेली. तिच्यावर आईचं, वडिलांचं नाव घातलेलं. फाटकावरच्या मामांना यादी दिली आणि त्यांच्याही घरच्यांना बोलावलं.

सभागृह पूर्ण भरलं नाही. पण जी माणसं बसली होती ती उठली नाहीत. पोलीस चौकीतला अधिकारी सायकलीची तक्रार जेमतेम लिहून घेतो आणि बाकी तुम्हीच शोधा म्हणतो, त्या प्रसंगाला मागून कुणीतरी मोठ्यानं “बरोबर” म्हटलं. जुलैत त्या जागी शांतता होती.

चर्चेत आधी आमच्या मुलांनी वास्तववादावर बोलायला सुरुवात केली. ते त्यांना शिकवलेलं असतं, त्यात वावगं नाही. मग फाउंड्रीतले एक वडील उभे राहिले. गाडी चोरीला गेली तेव्हा आठ दिवस कामाला कसे गेले ते त्यांनी सांगितलं. “पोरगा संगं होता तेवढं वाईट वाटलं,” म्हणाले आणि बसले. ते पडद्यावरच्या पोराबद्दल बोलत होते का स्वतःच्या, ते मी विचारलं नाही.

खुल्या खेळांचं काय झालं? तेही सुरू आहेत, पण वेगळ्या वाटेनं. ‘सर्वांसाठी’ असा फलक आता फक्त प्रमाणपत्र असलेल्या आणि लेखी परवानगी मिळालेल्या चित्रपटालाच लागतो. पत्रात आम्ही तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, प्रवेश मोफत असल्याची नोंद, फाइल कुठल्या संगणकावरून चालवणार आणि खेळानंतर ती पुसणार, हे सगळं लिहितो. स्वतंत्र दिग्दर्शक बहुधा उत्तर देतात. काही जण मानधन मागतात. ते द्यायलाच हवं, त्यांचं पोट त्यावर आहे. परवडलं नाही तर तसं सांगून तो चित्रपट सोडतो. परदेशी चित्रपट पालक-विद्यार्थी मंडळापुरते ठेवले आहेत. महोत्सवांना येणाऱ्या शहरातल्या रसिकांची यावर नाराजी आहे आणि मला ती समजते. त्यांच्यासाठी एखाद्या फिल्म सोसायटीबरोबर रीतसर काही करता येईल का, ते बघतो आहोत.

एक प्रश्न मात्र त्या दुसऱ्या खेळातूनच उभा राहिला. ती आई या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना घेऊन आली होती. मावशींना अक्षरओळख नाही. चित्रपट सुरू झाला आणि आई प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवायला लागली. हळू आवाजात, पण पाचव्या-सहाव्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी. मुलं वळून बघायला लागली. मी गप्प बसा म्हणायला उठले आणि जुलैचा फोन आठवून खाली बसले. मूकपटाच्या काळातही पडद्यावरची पाटी वाचून सांगणारा माणूस थिएटरात असायचा, असं ऑपरेटर मामा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगतात.

आता डावीकडच्या दोन रांगा वाचून दाखवणाऱ्यांसाठी असतात. खुर्चीच्या पाठीवर तशी चिठ्ठी लावतो. गेल्या खेळाला तिथं तिघीजणी वाचत होत्या, तिघींच्या वेळा जुळत नव्हत्या आणि एक आवाज संपायच्या आत दुसरा सुरू होत होता. उजवीकडून तक्रार आली. पुढच्या महिन्यापासून एकीनंच माइकवर वाचावं का, यावर मंडळात अजून एकमत नाही.